गोश-ए-फील: अंड्याशिवाय जमेल का? (पाककृतीसाठी मदत हवी)

खसखस
नमस्कार मंडळी,
माझ्या लेकाच्या वर्गात मजार-ए-शरीफचा एक मुलगा आहे. पुण्यात शिकायला आलेली अफगाणी मुलं आपल्याला नवी नाहीत. हा अधूनमधून आमच्याकडे जेवायला असतो. वरणभात आवडीने खातो, लोणच्याला घाबरतो. यंदा नवरोजला (त्यांच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी) त्याला घरी जाता येणार नाही. बोलता बोलता कळलं की सणाला त्याची आई गोश-ए-फील करते, म्हणजे हत्तीचा कान. मैद्याची पातळ पारी, एका कडेला चुणी, तळून वर पिठीसाखर आणि पिस्त्याचा चुरा. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा मला तो चिरोटाच वाटला.

माझ्या अडचणी अशा:
पहिली, सगळ्या कृतींमध्ये अंडं आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात सासूबाई अंडं येऊ देत नाहीत. दुसरी, कढईत टाकल्यावर ती चुणी उघडत कशी नाही? आणि तिसरं म्हणजे, सरळ चिरोटे करून त्यावर पिस्ता भुरभुरवला तर चालेल का? खरं सांगा, मनाला लावून घेणार नाही.

गिरणगावकर
तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. चालेल. पोरगा विशीतला आहे, पदार्थ गोड आहे आणि तळलेला आहे. तो काय पंचनामा करणार आहे?

मोहन_घातलेली
गिरणगावकर, अजिबात चालणार नाही. चिरोट्याचं सगळं काम साटा करतो. तूप आणि तांदळाची पिठी (हल्ली कॉर्नफ्लोअर) फेसून पोळ्यांच्या मध्ये लावायचं, वळकटी करायची, कापायचं, पुन्हा लाटायचं. पदर सुटतात ते त्यामुळे. गोश-ए-फीलमध्ये साटा नसतोच. एकच पारी, कागदासारखी पातळ, आणि तिला तळताना फोड येतात. चिरोटा पदरांचा आणि हा फोडांचा. तोंडात गेल्यावर लगेच कळतं.

खसखस, चुणीबद्दल लिहिते जरा वेळाने, कुकर लावलाय.

आगाऊ_आजोबा
हत्तीचे कान तळून खायचे आणि वर साखर! गणपतीला नैवेद्य दाखवू नका म्हणजे झालं. बाप्पा ताटाकडे बघतील, मग स्वतःच्या कानाला हात लावून बघतील.

कोकमसार
आजोबा 😂😂

फ्रीमाँटची_मावशी
आमच्या फ्रीमाँटमध्ये (कॅलिफोर्निया) मराठी माणसंही भरपूर आणि अफगाणीही भरपूर. सेंटरव्हिल भागाला इथे 'लिटल काबूल'च म्हणतात. माझ्या मुलीची बालवाडी ज्या बाईंच्या घरी होती त्या काबूलच्या, ऐंशीच्या दशकात रशियन फौजा असताना निघालेल्या. त्यांच्याकडे शिकले, तेव्हा अधिकारवाणीने लिहिते.

साहित्य: मैदा दोन वाट्या, अंडी दोन, साखर दोन चमचे, पातळ केलेलं लोणी किंवा तूप एक मोठा चमचा, दूध पाव वाटीच्या आसपास, वेलदोड्याची पूड, मिठाची चिमूट. वरून घालायला पिठीसाखर आणि पिस्ते.

अंडी आणि साखर आधी चांगली फेसायची. मग तूप, दूध, वेलदोडा. मैदा थोडा थोडा घालत मळायचं. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट नको, पोळीच्या कणकेइतकं सैल नको. ओल्या फडक्याखाली निदान तासभर ठेवायचं. हा तास वाचवायला गेलात तर पारी लाटताना आखडत राहील आणि तुम्ही मैद्याला शिव्या द्याल.

मग बोराएवढी गोळी घेऊन जेवढी पातळ लाटता येईल तेवढी लाटायची. ओट्याच्या दगडाचा रंग खालून दिसला पाहिजे. तीन-चार इंचांची गोल पारी, एका कडेला ओल्या बोटाने दोन-तीन चुण्या एकत्र घेऊन घट्ट चिमटायची. तेल मध्यम गरम. रंग फिका सोनेरी, जास्त नाही. निथळल्यावर कोमट असताना पिठीसाखर चाळायची. कडक गरम असताना घातली तर साखर विरघळून चिकटते आणि अगदी गार झाल्यावर घातली तर खाताना सगळी अंगावर.

चुणी उघडू नये म्हणून त्या बाई एक युक्ती करायच्या. चिमटलेला भाग चिमट्यात धरून आधी तेवढाच तेलात बुडवायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग अख्खी पारी सोडायची. तोवर कान पक्का होतो.

मोहन_घातलेली
मावशींनी माझं काम केलं. मी एवढंच लिहिणार होते की चिमटताना पाण्याऐवजी दूध किंवा फेसलेलं अंडं लावा, पाण्याने बंद केलेली चुणी तेलात हसते.

भोचक_भाऊ
अडीचशे वर्षं झाली, आता आपण त्यांच्या हत्तीचे कान तळतोय. सदाशिवराव भाऊंना कळवा, १७६१ चा हिशोब चुकता होतोय. हलके घ्या.

टकमकटोक
आलंच का पानिपत! या संस्थळावर अफगाण शब्द आला की तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रतिसादात अब्दाली हजर. यावेळी सातवा लागला, प्रगती आहे.

भोचक_भाऊ
मग अटक घ्या. १७५८. आपला झेंडा तिकडे गेला होता तेव्हा कोणी थांबून एखादी पाककृती लिहून आणली असती तर आज ही वेळ आली नसती.

इस्फहानरिटर्न
एक वेगळा मुद्दा. हा पदार्थ इराणी आहे. मी नोकरीच्या निमित्ताने इस्फहानला राहिलो आहे. तिथे गूश-फील म्हणतात, दुकानादुकानात थाळ्या भरून ठेवलेल्या असतात. फक्त तिथला लहान असतो आणि तळून थेट पाकात टाकतात. आणि त्याबरोबर पितात काय? दूघ. म्हणजे आपलं ताक, आंबट, खारट, वर वाळलेला पुदिना. पाकातला गोड तुकडा आणि आंबट ताकाचा घोट. तिथल्या सहकाऱ्यांना वाटलं मी तोंड वाकडं करीन. मी म्हटलं, बाबांनो, आमच्या लग्नात जिलबी आणि मठ्ठा एकाच पंगतीत वाढतात, तुम्ही मला काय शिकवता.

गिरणगावकर
जिलबी-मठ्ठ्याला अनुमोदन. बाकी वादाशी माझा संबंध नाही.

फ्रीमाँटची_मावशी
इस्फहानरिटर्न, 'इराणी आहे' एवढं ठाम म्हणू नका हो. भाषा एक, मधली सरहद्द अलीकडची. हेरातच्या माणसाला मशहद जवळ की काबूल, तुम्हीच नकाशा काढून बघा. आणि चव खरंच वेगळी आहे. पाकातला मऊ पडतो. काबूलकडचा कोरडा, खुसखुशीत. आमच्या बाईंना पाकातला दिला असता तर त्यांनी नम्रपणे घेऊन शेजारणीकडे पोचवला असता.

इस्फहानरिटर्न
बरं, 'तिकडेही करतात' असं वाचा. पण दूघाबरोबर खाऊन बघाच.

मु_पो_हॅम्बुर्ग
कान फक्त अफगाणांनीच केले असंही नाही. दक्षिण फ्रान्समध्ये कार्निव्हलच्या दिवसांत 'ओरेयेत' नावाचे असेच पातळ तळलेले तुकडे करतात, त्याचाही अर्थ छोटे कान. स्पेनच्या गॅलिसियात त्याच सणाला 'ओरेयास'. ज्यू घरांमध्ये पुरीमला हामानचे कान. पोलंडमध्ये तोच मैदा-अंड्याचा मामला, आकार मात्र पिळाचा, तिथे त्याला फावोर्की म्हणतात. अंडं, मैदा, पातळ लाटणं, तळणं, वर साखर. थंडी संपत आली की जगभरच्या बायकांना एकच सुचतं असं दिसतंय.

इथे हॅम्बुर्गमध्ये अफगाणी वस्ती मोठी आहे, युरोपातल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा गेलो होतो. त्याला ते शिरीनी-खोरी म्हणतात. मुलीकडच्यांनी होकार दिला याची खूण म्हणजे मिठाईचं ताट मुलाकडच्यांच्या हाती देणं. ताटाला पतनूस म्हणतात. आपल्या रुखवतासारखं सजवलेलं, झगझगीत कागद, फिती, सगळं. त्यात साखरेत घोळवलेले बदाम (नुकुल), चॉकलेटं, आणि एका मोठ्या परातीत हे कान, एकावर एक रचलेले, माझ्या कंबरेएवढा ढीग. मी विचारलं एवढे का. तर म्हणाली, मुलीच्या घरून कमी गेले तर आयुष्यभर ऐकावं लागतं.

शेवंता६३
घ्या! म्हणजे तिकडेही विहिणी आहेत.

मोहन_घातलेली
शेवंताताई 😂 रुखवतात माझ्या सासरच्यांनी चिरोटे मोजले होते. मोजले! एकशे एकच्या जागी नव्याण्णव निघाले.

कोकमसार
दोन वरमाईने खाल्ले असणार.

आगाऊ_आजोबा
दोन कान कमी पडले म्हणजे एक हत्ती बहिरा.

टकमकटोक
मूळ प्रश्न राहिला बाजूला. खसखस, अंड्याचं बोलू. या पिठात अंडं तीन कामं करतं. एक, तेलात गेल्याबरोबर त्यातली प्रथिनं चटकन घट्ट होतात, म्हणून एवढी पातळ पारी आकार धरून राहते. दोन, त्यातल्या पाण्याची वाफ पारीला फोड आणते. तीन, बलकातला स्निग्धांश पीठ मऊ लाटू देतो आणि तळल्यावर कुरकुरीत ठेवतो. दूध-तुपाने तिसरं काम भागतं. दुसरं थोडंफार भागतं. पहिलं भागत नाही. म्हणून बिनअंड्याच्या पारीचा कान तळताना पसरतो आणि पुरी होते.

घडीची_पोळी
मी बिनअंड्याचं केलंय आणि पुरी झाली नाही. अंड्याऐवजी दोन चमचे घट्ट दही, तूप नेहमीपेक्षा कमी, चिमूटभर बेकिंग पावडर. मोहन कमी ठेवायचं हे महत्त्वाचं, नाहीतर तेलात विरतं. पारी थोडी जाड लाटायची. घरच्यांनी आवडीने खाल्ले.

टकमकटोक
घरच्यांनी खाल्ले ही कसोटी नाही. घरचे शंकरपाळ्याचा गाळही खातात. अंड्याचा आणि दह्याचा शेजारी शेजारी ठेवून खाल्लात का?

घडीची_पोळी
नाही. पण प्रत्येक पदार्थाला मूळपणाचं प्रमाणपत्र कशाला लागतं? मी पनीर घालून मोमो करते, तिबेटमधून अजून कोणी नोटीस पाठवलेली नाही.

मु_पो_हॅम्बुर्ग
पोळीताई, स्वतःसाठी करताना हवं ते करावं. इथे प्रश्न वेगळा आहे. त्या मुलासमोर ताट ठेवताना 'हे तुझ्या घरचं' असं म्हणायचं आहे. जर्मन शेजारीण मला पुरणपोळी म्हणून मसुरीची गोड पोळी देते तेव्हा मी हसून खातो, पण घरची आठवण येते ती नसल्याची.

घडीची_पोळी
हं. हे पटलं थोडं. मसुरीची??

खजूरवाला_हैदराबादी
मी हैदराबादचा मराठी. माझ्याकडे मधला मार्ग आहे. अफगाण लोक 'खजूर' नावाचाही एक तळलेला गोड पदार्थ करतात. खजूर त्यात नसतो, फक्त आकार आणि रंग तसा. घट्ट गोड पिठाचा तुकडा चाळणीच्या किंवा किसणीच्या पाठीवर दाबून गुंडाळायचा, त्यावर जाळीचा ठसा उठतो, मग मंद आचेवर तळायचा. अफगाणी कृतीत बहुधा अंडं आणि यीस्ट असतं, पण आमच्याकडे हैदराबादला ईदच्या सुमारास याच नावाने जे करतात ते रवा, मैदा, तूप, साखर, दूध एवढ्यावरच होतं. अंडं नाही आणि चुणीची भानगडही नाही. डब्यात आठवडाभर टिकतात. गोश-ए-फील मात्र दुसऱ्या दिवशीच हवा लागून लोळागोळा.

शेवंता६३
तुमच्या खजुराची कृती सविस्तर टाका ना, वेगळा धागा काढा. वाचनखूण आधीच साठवते.

कोकमसार
अवांतर: नवरोजला अफगाणिस्तानात मासे आणि जिलबी एकत्र खातात हे खरं का? कुठेतरी ऐकलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

फ्रीमाँटची_मावशी
शंभर टक्के खरं. तळलेली मासळी आणि बाजूला गरम जिलबी. थंडीत काबूलच्या दुकानांत दोन्ही शेजारी शेजारी तळतात. आणि लग्न ठरलेलं असेल तर नवरोजला मुलाकडचे लोक मुलीच्या घरी मासे आणि जिलबीच पाठवतात, कपड्यांबरोबर. साखरपुड्याला कान तिकडून इकडे येतात आणि नवरोजला मासे इकडून तिकडे जातात. परतफेड चालूच.

कोकमसार
मालवणी माणूस म्हणून सांगतो, बांगड्यावर जिलबी मी सहन करू शकत नाही.

इस्फहानरिटर्न
बांगडा नाही, तिथला मासा नदीचा. समुद्र कुठाय त्यांना?

कोकमसार
मग तर अजिबातच नाही.

वाड्यातला_भाडेकरू
थोडं विषयाला धरून. आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत पूर्वी अफगाणी विद्यार्थी राहायचे, शिष्यवृत्तीवर आलेले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा दोघं इथेच होते. पैसे येणं बंद, व्हिसाची धावपळ, रात्रभर फोन. त्या वर्षी आमची आई वरचेवर जिने चढून डबे नेऊन द्यायची.

आणि खसखस, तुमचा मुलगा मजारचा आहे म्हणून सांगतो, नवरोजचा विषय त्याच्याशी जरा जपून काढा. मजार म्हणजे नवरोजचं गावच. निळ्या घुमटांच्या रौझ्यासमोर (दर्ग्यासमोर) त्या दिवशी भला उंच झेंडा उभारायचे, 'जंडा बाला' म्हणतात त्याला. रंगीत कापडांनी नटवलेला खांब, लाखो माणसं, आणि चाळीस दिवस तो तसाच उभा असायचा. त्याच सुमारास आसपासच्या टेकड्यांवर लाल ट्यूलिप फुलतात, म्हणून गुल-ए-सुर्खचा मेळा भरायचा. तालिबानने २०२२ मध्ये नवरोजची सरकारी सुट्टीच काढून टाकली. आमच्याकडच्या त्या अफगाणी मुलांनी वरच्या गच्चीवरून आमची गुढी बघितली होती आणि बराच वेळ फोटो काढत बसली होती. काठी, कापड, उंच जागा, वर्षाचा पहिला दिवस. त्यांना समजवायला आम्हाला काही लागलं नाही.

शेवंता६३
हे माहीत नव्हतं. दिनदर्शिका काढून बघितली, २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता. म्हणजे नवरोजच्या लगेच दुसऱ्या दिवशी.

भोचक_भाऊ
चाळीस दिवस? आपण संध्याकाळी उतरवतो तर गाठीची साखर मुंग्यांनी खाल्लेली असते.

खसखस
सगळ्यांचे आभार. जंडा बालाबद्दल माहीत नव्हतं, लेकाला सांगते. फ्रीमाँटच्या मावशींची कृती उतरवून घेतली. टकमकटोक यांचं अंड्याचं गणितही पटलं, तरी काल घडीची_पोळी यांच्या पद्धतीने थोडे करून बघितले. चव छान. पण कान राहिला नाही, मावशींची चिमट्याची युक्ती करूनही तळताना सपाट झाला. सासूबाईंनी एक उचलून बघितला आणि म्हणाल्या, 'याला तिखट-मीठ घाल, चहाबरोबर देता येईल.'

आगाऊ_आजोबा
सासूबाईंना सदस्य करून घ्या. संस्थळाला अशा माणसांची गरज आहे.

घडीची_पोळी
मी हार मानली असं समजू नका, पण पारी किती पातळ लाटलीत? मी लिहिलं होतं थोडी जाड.

खसखस
मावशींनी लिहिल्याइतकी पातळ. दोघींचं मिसळलं बहुतेक.

टकमकटोक
तेच. दह्याचं पीठ एवढं पातळ लाटलंत तर त्यात आकार धरायला काही उरतच नाही. जाड लाटलंत तर कान राहील, पण फोड येणार नाहीत. दोन्ही हवं असेल तर अंडं.

मु_पो_हॅम्बुर्ग
खसखस, एक सुचवू? नवरोजच्या ताटातली खरी मानाची गोष्ट गोश-ए-फील नाहीच. ती आहे हफ्त मेवा. सात प्रकारचा सुकामेवा पाण्यात भिजवायचा, झालं. बेदाणे दोन रंगांचे, जर्दाळू, अक्रोड, बदाम, पिस्ते आणि सिंजद (बोरासारखं एक वाळवलेलं फळ). साखर घालत नाहीत, जर्दाळू-बेदाण्यांची गोडी पाण्यात उतरते. दोन दिवस आधी भिजवायला घाला. बदाम, अक्रोड आणि पिस्ते वेगळे भिजवून सालं काढून घाला, नाहीतर पाणी काळपट होतं. सालं काढायला घरातल्या सगळ्यांना बसवा, अक्रोडाला वेळ लागतो. सिंजद पुण्यात मिळणं अवघड, पण त्या मुलाच्या मित्रांपैकी कोणीतरी घरून आणलेली असते, विचारा. यात अंडं नाही, तळण नाही, सासूबाईंचा उपासही मोडणार नाही.

मोहन_घातलेली
हे भारी आहे. मी पाडव्याला करीन म्हणते. जर्दाळू बिया काढून का?

मु_पो_हॅम्बुर्ग
दोन्ही चालतात. बिया असल्या तर नंतर फोडून आतला गर खातात.

वेलदोडा_ऊर्फ_इलायची
फक्त वेलदोड्यासाठी लॉग इन केलं. मावशींच्या कृतीत वेलदोडा आहे तो वगळू नका कोणी. पूर्वी अफगाणांचा वेलदोडा आपल्या घाटातल्या मळ्यांतून जायचा.  आपण त्यांच्याकडून हिंग आणतो. २०२० मध्ये पालमपूरच्या संस्थेने लाहौलमध्ये हिंगाची लागवड सुरू केली. म्हणजे आता आपण हिंग शिकतोय.

गिरणगावकर
वेलदोडा साहेब, नाव सार्थ केलंत.

शेवंता६३
खसखस, तुम्ही कोथरूडच्या ना? मी डहाणूकर कॉलनीत. माझ्या घरी अंडं चालतं, कढई मोठी आहे आणि नवरा तळण खाऊ नये अशा वयात असल्याने रिकामी पडून आहे. पीठ माझ्याकडे मळू, तळू, आणि त्या मुलालाही बोलवा. त्यालाच लाटायला बसवू, आई करताना बघितलं असेल तर चुणी त्याच्या हाताला ठाऊक असणार. तुमच्या घरी हफ्त मेवा करा, माझ्याकडे कान.

खसखस
शेवंताताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. दुपारी चालेल का, संध्याकाळी त्याला क्लास असतो. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'मग मी पाडव्याचे चिरोटे करते, तेही घेऊन जा त्याला.' त्या साटा तुपातच फेसतात, कॉर्नफ्लोअर घरात येऊ देत नाहीत.

मोहन_घातलेली
सासूबाईंना दंडवत.

फ्रीमाँटची_मावशी
वा, छान ठरलं. दोन सूचना. तळल्यावर उभे करून निथळा, एकावर एक आडवे टाकलेत तर खालचे तेलकट राहतात. आणि ढीग रचायचा तो साखर घातल्यावर, खायच्या अगदी आधी.

कोकमसार
आणि बाजूला सुरमई.

शेवंता६३
कोकमसार, तुम्हाला बोलावलेलं नाही.

इस्फहानरिटर्न
ताक मात्र ठेवा. पुदिना घालून.

खसखस
ताक ठेवते. एक शेवटचं, पिस्ते कसले आणू? दुकानात खारे मिळतात तेच दिसतात सगळीकडे.

वेलदोडा_ऊर्फ_इलायची
खारे नकोच, धुऊनही मीठ राहतं आणि हफ्त मेव्यात तर सगळं पाणी खारट होईल. बिनमिठाचे, सोललेले हिरवे मागा, सुकामेव्याच्या मोठ्या दुकानात मिळतात. चुरा मिक्सरमध्ये एकदम फिरवू नका, तेल सुटून गोळा होतो. थांबून थांबून फिरवा किंवा सरळ सुरीने बारीक करा. पाव किलो पुरे होतील दोन्हीला मिळून.